न्यूकमधल्या स्वतःच्या पायथन स्क्रिप्ट कुठे ठेवायच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर आणि फार्मवर सारख्याच चालतील?

हिरवापडदा

नमस्कार मंडळी. सहा कॉम्प आर्टिस्टांची टीम आहे, न्यूक या कॉम्पोझिटिंग (वेगवेगळी चित्रं जोडून शॉट बनवायच्या) सॉफ्टवेअरवर काम चालतं. आर्टिस्टांची मशीन विंडोजवर, रेंडरची चार मशीन, म्हणजे आमचा फार्म, लिनक्सवर. न्यूक १३.२ आणि १५.१ दोन्ही चालू आहेत, कारण जुन्या प्रोजेक्टचे काही शॉट अजून बाकी आहेत.

पंधरा-वीस छोट्या पायथन स्क्रिप्ट जमल्या आहेत. रीड (फाईल आत आणणाऱ्या) नोडचं व्हर्जन वाढवणारी, निवडलेल्या नोडना बॅकड्रॉप लावणारी, शॉटच्या नावावरून राइटचा (फाईल बाहेर लिहिणाऱ्या नोडचा) पाथ बनवणारी, अशा. सध्या एका टेक्स्ट फाईलमधून कॉपी करून स्क्रिप्ट एडिटरमध्ये चिकटवायच्या आणि कंट्रोल-एंटर मारायचं, अशी पद्धत आहे. तिघांनी त्या आपापल्या डॉट-न्यूक (न्यूकच्या वैयक्तिक सेटिंगच्या) फोल्डरमध्येही टाकल्या आहेत, पण प्रत्येकाची प्रत आता वेगळी झाली आहे.

अडचणी अशा:

१. कुठली स्क्रिप्ट कुठे ठेवायची याचा नियम हवा आहे.
२. एकाच कॉम्पचे काळे भाग आर्टिस्टच्या व्ह्यूअरमध्ये वेगळे आणि फार्मच्या रेंडरमध्ये वेगळे दिसतात. हे स्क्रिप्टमुळे होऊ शकतं का?
३. नोडवर बटण करून त्यातच कोड ठेवणं बरं की वाईट?
४. १३.२ वर चालणाऱ्या काही स्क्रिप्ट नेटवरून घेतलेल्या जुन्या स्क्रिप्टशी जोडल्या की सिंटॅक्स एरर देतात.

जाणकारांनी नेमकं सांगावं.

पाइपलाइनवाला

आधी शब्दांचा घोळ मिटवू. न्यूकमध्ये एनके फाईललाही स्क्रिप्टच म्हणतात. म्हणून मी एनकेला 'कॉम्प' म्हणतो आणि पायथनला 'स्क्रिप्ट'. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना त्या रोमनमध्येच हव्यात. पायथनला लहान आणि मोठं अक्षर वेगळं असतं हेही ध्यानात ठेवा.

स्क्रिप्टची जागा ती कोणाला लागणार आहे यावरून ठरवा. समोर बसलेल्या माणसालाच लागणार, की फार्मलाही? न्यूकने हीच फोड केलेली आहे. सुरू होताना तो प्लगिन पाथमधल्या (म्हणजे तो जिथे शोधतो त्या यादीतल्या) प्रत्येक फोल्डरात दोन फाईली शोधतो. इनिट.पीवाय दर वेळी वाचली जाते, मग न्यूक जीयूआयने (खिडक्या-बटणांसह) उघडा की टर्मिनलमधून रेंडर लावा. मेनू.पीवाय फक्त जीयूआय उघडणार असेल तरच वाचली जाते, आणि तीसुद्धा सगळ्या इनिट वाचून झाल्यावर.

म्हणून मेनूतल्या नोंदी, शॉर्टकट, टूलबार, पॅनेल हे सगळं मेनू.पीवायमध्ये. फोल्डरचे पाथ, नॉबची (नोडवरच्या सेटिंगची) डीफॉल्ट मूल्यं, रेंडरच्या आधी-नंतर चालणारे कॉलबॅक (ठरलेल्या वेळी न्यूक आपणहून बोलवतो ती फंक्शनं), फाईलचे पाथ बदलणारे फिल्टर हे इनिट.पीवायमध्ये. प्रत्यक्ष काम करणारा कोड या दोन्हींत लिहायचा नाही. तो वेगळ्या मोड्यूलमध्ये ठेवायचा आणि या दोन फाईलींनी त्याला नुसतं बोलवायचं.

सर्व्हरवर असं एक फोल्डर करा:

न्यूक_टूल्स/
— इनिट.पीवाय
— मेनू.पीवाय
— पायथन/ (तुमच्या पंधरा-वीस स्क्रिप्ट, एकेक फाईल)
— गिझ्मो/ (फाईल म्हणून ठेवलेले नोडचे तयार गट)
— आयकॉन/

या इनिट.पीवायमध्ये तीनच ओळी लागतात: न्यूक.प्लगिनअ‍ॅडपाथ('./पायथन'), तशीच गिझ्मोसाठी एक आणि आयकॉनसाठी एक. या नावात 'अ‍ॅड'चा ए आणि 'पाथ'चा पी मोठा. सुरुवातीचं टिंब आणि स्लॅश म्हणजे 'ही इनिट ज्या फोल्डरात आहे तिथून', त्यामुळे न्यूक_टूल्स उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेलं तरी या ओळी बदलाव्या लागत नाहीत. प्लगिनअ‍ॅडपाथ तो फोल्डर पायथनच्या शोधयादीतही घालतो, म्हणून पुढे नुसतं इम्पोर्ट चालतं. एक मात्र आहे, न्यूक आतल्या उपफोल्डरांत आपणहून शिरत नाही. गिझ्मोच्या आत 'कीइंग' असं आणखी फोल्डर केलंत तर त्याची ओळ वेगळी लिहावी लागते.

आता हे फोल्डर न्यूकला दाखवायचं कसं? एक मार्ग म्हणजे प्रत्येकाच्या डॉट-न्यूकमधल्या इनिट.पीवायमध्ये सर्व्हरच्या पाथची एक ओळ. दुसरा मार्ग न्यूक_पाथ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. मी दुसरा मार्ग सुचवतो. डॉट-न्यूक हे आर्टिस्टचं खासगी घर आहे, तिथे टीमचा कारभार ठेवला की कोणीतरी तो पुसतोच. एकापेक्षा जास्त फोल्डर असतील तर विंडोजवर मध्ये अर्धविराम आणि लिनक्स-मॅकवर कोलन (:). विंडोजवर सेटएक्स करून व्हेरिएबल लावलात तर आधीपासून उघड्या असलेल्या न्यूकला तो दिसत नाही, बंद करून उघडा. मॅकवर डॉकमधून उघडलेला न्यूक शेलच्या फाईलीतले व्हेरिएबल वाचतच नाही. या कटकटीवर उपाय म्हणजे न्यूक उघडणारी छोटी लाँचर फाईल: ती व्हेरिएबल लावते आणि मग न्यूक सुरू करते. १३.२ साठी एक, १५.१ साठी एक.

शेवटचा मुद्दा तुमच्या 'प्रत्येकाची प्रत वेगळी' या दुखण्याचा. न्यूक प्लगिन पाथची यादी वरून खाली बघतो आणि पहिला सापडलेला गिझ्मो घेतो. डॉट-न्यूक यादीत वर असतो. म्हणजे सर्व्हरवर गिझ्मो दुरुस्त केलात आणि कोणाच्या डॉट-न्यूकमध्ये त्याच नावाची जुनी प्रत राहिली, तर त्या मशीनवर जुनीच चालणार, तीही गुपचूप. स्क्रिप्ट एडिटरमध्ये प्रिंट(न्यूक.प्लगिनपाथ()) चालवून यादी बघा. एखाद्या स्क्रिप्टची कोणती प्रत चालते आहे हे बघायला ती इम्पोर्ट करून तिचं दुहेरी-अंडरस्कोर-फाईल-दुहेरी-अंडरस्कोर छापा, पूर्ण पाथ मिळतो. सर्व्हरवर हलवाहलव झाली की सहाही डॉट-न्यूक फोल्डर साफ करणं हे या कामाचाच भाग समजा.

रोटोताई

दुसऱ्या अडचणीबद्दल. काळे भाग वेगळे दिसत असतील तर मेनू.पीवायमध्ये न्यूक.नॉबडीफॉल्ट शोधा. बहुतेक कोणीतरी ग्रेड नोडचा ब्लॅक क्लॅम्प तिथून बंद केलेला असेल.

हे असं घडतं. ग्रेडमध्ये ब्लॅक क्लॅम्प मुळात चालू असतो आणि शून्याखालची मूल्यं कापतो. ती कापली जाऊ नयेत म्हणून बरेच जण 'ग्रेड.ब्लॅक_क्लॅम्प'ला नॉबडीफॉल्टने ० देतात. विचार चांगला आहे. पण न्यूक कॉम्प सेव्ह करताना डीफॉल्टपेक्षा वेगळ्या असलेल्या नॉबचीच मूल्यं लिहितो. तुमच्या मशीनवर ० हेच डीफॉल्ट ठरलं, म्हणून एनकेमध्ये त्याचा उल्लेखच होत नाही. फार्म मेनू.पीवाय वाचत नाही, त्याच्या दृष्टीने डीफॉल्ट १ आहे, आणि तो क्लॅम्प चालू ठेवून रेंडर करतो. कॉम्प तीच, चित्र वेगळं, आणि कुठेही एरर नाही.

उपाय: सगळे नॉबडीफॉल्ट सर्व्हरवरच्या इनिट.पीवायमध्ये हलवा. कोणाही आर्टिस्टने चित्रावर परिणाम करणारा नॉबडीफॉल्ट स्वतःच्या डॉट-न्यूकमध्ये ठेवायचा नाही, हा नियमच करा. नोडग्राफमधल्या नोडचा रंग, पोस्टेज स्टॅम्प असल्या दिसण्यापुरत्या गोष्टी ठेवल्या तर चालतील.

खात्री करायची असेल तर कॉम्प नोटपॅड++ मध्ये उघडा. एनके साधी टेक्स्ट फाईल आहे. ग्रेडच्या महिरपी कंसात ब्लॅक_क्लॅम्पची ओळ नसेल तर मी म्हणते तेच झालंय.

मर्जचा बीबॉक्स (चित्राची चौकट) 'बी' करून ठेवायची सवय असेल तर तिथेही हाच धोका आहे. शिवाय क्लासचं नाव 'मर्ज२' असं लिहावं लागतं. नुसतं 'मर्ज' लिहिलं तर काहीच होत नाही आणि एररही येत नाही. नोडचा खरा क्लास बघायचा तर नोड निवडून स्क्रिप्ट एडिटरमध्ये न्यूक.सिलेक्टेडनोड().क्लास() चालवा, यातला 'क्लास'चा सी मोठा.

हिरवापडदा

रोटोताई, अगदी तेच निघालं. दोन मशीनवर मेनूमध्ये ग्रेडची ओळ होती. मनापासून आभार.

पाइपलाइनवाले, तुम्ही सांगितल्याप्रमाणे फोल्डर केलं. एका मशीनवर मेनू दिसतोच आहे. दुसऱ्यावर न्यूक उघडताना युनिकोडचा काहीतरी एरर येतो. तिसऱ्यावर एररही नाही आणि मेनूही नाही. आणि ज्या मशीनवर मेनू दिसतो तिथे न्यूक उघडल्या उघडल्या बॅकड्रॉपची स्क्रिप्ट आपोआप चालते. हे कशामुळे?

पाइपलाइनवाला

तिन्ही नेहमीची दुखणी आहेत.

युनिकोड एरर: पाथमध्ये बॅकस्लॅश वापरलाय. पायथनच्या साध्या अवतरणात बॅकस्लॅश आणि पुढचं अक्षर मिळून खुणेचा अर्थ घेतात. सी ड्राइव्हनंतर बॅकस्लॅश आणि 'यूझर्स'चा मोठा यू आला की पायथन ३ तिथे युनिकोडचा आकडा शोधतो आणि अडकतो. याहून वाईट म्हणजे एररच न देणारे प्रकार: बॅकस्लॅशपुढे 'न्यूक_टूल्स'चा एन आला की नवी ओळ, 'टूल्स'चा टी आला की टॅब. पाथ तुटतो आणि न्यूकला फोल्डर सापडत नाही, एवढंच दिसतं. विंडोजवरही सरळ फॉरवर्ड स्लॅश वापरा. न्यूकला तो चालतो.

एररही नाही, मेनूही नाही: नोटपॅडने फाईल 'मेनू.पीवाय.टीएक्सटी' नावाने सेव्ह केली असणार. विंडोज एक्सप्लोररमध्ये 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून बघा. तसं नसेल तर त्या मशीनवर होम नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलेला आहे का ते तपासा. तो असला की न्यूक डॉट-न्यूक फोल्डर तिथे शोधतो, यूझर्समधल्या नावाखाली नाही, आणि तुम्ही मात्र भलत्याच फोल्डरात फाईल टाकत बसता.

स्क्रिप्ट आपोआप चालते: अ‍ॅडकमांडमध्ये फंक्शनच्या नावापुढे कंस लावलेत. कंस लावले की पायथन ते फंक्शन तिथल्या तिथे चालवतो आणि त्यातून जे परत येतं ते मेनूला देतो, बहुतेक वेळा 'नन'. एकतर कंस काढा, नाहीतर अख्खी आज्ञा अवतरणात द्या: 'इम्पोर्ट बॅकड्रॉप_लावा; बॅकड्रॉप_लावा.रन()'. मी अवतरणवालीच पद्धत घ्यायला सांगेन, दोन कारणांसाठी. मोड्यूल क्लिक केल्यावरच इम्पोर्ट होतो, म्हणून न्यूक लवकर उघडतो. आणि एका स्क्रिप्टमध्ये चूक असली तर तेवढंच बटण रडतं, सगळ्यांचा न्यूक अडत नाही.

शॉर्टकट देताना शेवटी शॉर्टकटकॉन्टेक्स्ट=२ लावा. मग तो फक्त नोडग्राफवर कर्सर असताना चालतो आणि व्ह्यूअरच्या शॉर्टकटशी भांडत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून कोड कॉपी करू नका. सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात आणि सिंटॅक्स एरर येतो, जो डोळ्यांना लवकर दिसत नाही. टॅब आणि स्पेसची सरमिसळही तशीच. एडिटरमध्ये 'टॅबऐवजी चार स्पेस' हे एकदाच लावून टाका. आणि स्क्रिप्टला पायथनच्या स्वतःच्या मोड्यूलचं नाव देऊ नका. 'रँडम.पीवाय', 'स्ट्रिंग.पीवाय', 'न्यूक.पीवाय' असल्या नावांनी भलत्याच ठिकाणी एरर येतात. स्टुडिओच्या नावाची दोन-तीन अक्षरं आधी जोडा, प्रश्न मिटतो.

न्यूक अजिबातच उघडत नसेल तर टर्मिनलमधून दोन डॅश आणि 'सेफ' लावून उघडा. त्यात डॉट-न्यूक, न्यूक_पाथ आणि ओएफएक्स प्लगिन काहीच लोड होत नाही. तसा उघडला तर दोष तुमच्या फाईलींत आहे.

रेंडररांग

फार्मची बाजू मी सांगतो, कारण आर्टिस्टच्या मशीनवर सगळं चाललं म्हणजे काम झालं असं नसतं.

फार्मची सर्व्हिस वेगळ्या युजरच्या नावाने चालते. त्या युजरचा डॉट-न्यूक वेगळा, एन्व्हायर्नमेंट वेगळं. न्यूक_पाथ त्या सर्व्हिसला किंवा जॉबच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये वेगळा द्यावा लागतो. पुढेमागे विंडोजची मशीन फार्मला जोडलीत तर झेड ड्राइव्ह तिथे असेलच असं नाही, कारण मॅप केलेला ड्राइव्ह लॉगिन केलेल्या युजरपुरताच असतो. तिथे दोन स्लॅशनी सुरू होणारा सर्व्हरचा पूर्ण पाथ द्या.

तुमचा फार्म लिनक्सवर असल्याने रीड-राइटमधले झेडचे पाथ तिथे सापडणार नाहीत. यासाठी इनिट.पीवायमध्ये न्यूक.अ‍ॅडफाईलनेमफिल्टर वापरा. त्याला एक फंक्शन द्यायचं, जे फाईलचं नाव घेतं आणि सुरुवात झेडने होत असेल तर ती लिनक्सच्या माउंटने बदलून परत देतं. लिनक्सवर असाल तरच बदला, अशी अट त्यात घाला. हे फंक्शन न्यूक सतत बोलवत असतो, म्हणून त्यात फाईल आहे का हे तपासणं, सर्व्हरवर यादी काढणं असलं काहीही करू नका. नुसतं अक्षरं बदलायचं काम. प्रेफरन्सेसमध्ये पाथ सब्स्टिट्यूशन नावाची सोय आहे, पण प्रेफरन्सेस युजरगणिक असतात. फार्मसाठी फिल्टरच भरवशाचा.

इनिट.पीवायमध्ये किंवा तिथून इम्पोर्ट होणाऱ्या मोड्यूलमध्ये पॅनेल, मेसेज, क्यूटीचं विजेट काहीही उघडू नका. जीयूआय नसताना विजेट बनवायला गेलात तर प्रोसेस तिथेच कोसळते आणि फार्मच्या लॉगमध्ये नीट कारणही येत नाही. जिथे शंका असेल तिथे 'इफ न्यूक.जीयूआय' ही अट लावा.

फार्मवर टाकण्याआधी आपल्याच मशीनवर तपासा. न्यूकच्या नावापुढे डॅश टी लावला की जीयूआयशिवाय पायथनचा प्रॉम्प्ट येतो. तिथे तुमचा मोड्यूल इम्पोर्ट करून बघा. कॉम्प रेंडर करून बघायची तर डॅश एक्स, मग डॅश मोठा एफ आणि १००१-१००५ अशी फ्रेम रेंज, मग कॉम्पचा पाथ. एकच राइट चालवायचा असेल तर लहान एक्सऐवजी मोठा एक्स आणि त्या राइटचं नाव. दोन्ही प्रकारांत न्यूक रेंडरचं लायसन्स मागतो. ते फार्मने अडवलेलं असेल तर टी किंवा एक्सला जोडून आय लावा, म्हणजे आर्टिस्टचं लायसन्स वापरलं जाईल. फार्मवर मात्र चुकूनही आय लावू नका, एक जॉब आर्टिस्टांची सगळी लायसन्स खाऊन टाकतो.

राइटच्या आधी फोल्डर बनवणारी स्क्रिप्ट तुमच्या यादीत असेल तर ती काढून टाका. राइट नोडमध्ये 'क्रिएट डिरेक्टरीज' हा टिकमार्क आहे. नॉबडीफॉल्टने तो चालू करा, अर्थात इनिटमध्येच.

नोडगुंता

तिसऱ्या प्रश्नावर. मी बटणात कोड ठेवण्याच्या बाजूचा आहे. कॉम्प दुसऱ्या व्हेंडरकडे गेली तर त्यांच्याकडे आपलं न्यूक_टूल्स नसतं. बटणात नुसतं इम्पोर्ट असेल तर तिथे मोड्यूल सापडला नाही हा एरर. अख्खा कोड बटणात असेल तर नोड कुठेही नेला तरी चालतो.

पाइपलाइनवाला

नोडगुंता, बाहेर जाणाऱ्या कॉम्पपुरतं तुमचं बरोबर आहे. पण रोजच्या वापरासाठी मी विरुद्ध सांगेन. बटणातला कोड त्या नोडच्या प्रत्येक प्रतीत वेगळा सेव्ह होतो. दोनशे कॉम्पमध्ये तो नोड चिकटवला आणि मग चूक सापडली, तर दुरुस्ती दोनशे ठिकाणी. बटणात दोनच ओळी ठेवल्या, इम्पोर्ट आणि मोड्यूल.रन(न्यूक.थिसनोड()), तर दुरुस्ती एका फाईलीत होते आणि जुन्या कॉम्पही सुधारतात.

त्यामुळे फोड अशी करा. टीमच्या आत बटणात दोन ओळी. बाहेर पाठवताना गिझ्मोंचे ग्रुप करा आणि बटणं काढून टाका. समोरच्याला चित्र बरोबर यायला हवं असतं, आपलं बटण नाही. गिझ्मोचा ग्रुप त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या 'कॉपी टु ग्रुप'ने होतो.

नॉबचेंज्डमध्ये कोड ठेवताना जास्त जपा. तो नोडचा कुठलाही नॉब हलला की चालतो, प्रॉपर्टीज पॅनेल उघडलं तरी चालतो. पहिल्याच ओळीत न्यूक.थिसनॉब() चं नाव तपासून नको असेल तर बाहेर पडा. नाहीतर स्लायडर ओढताना न्यूक अडखळतो.

रोटोताई

नोडगुंतांच्या मुद्द्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. बटणातला कोड ते दाबल्यावर चालतो, पण ऑनक्रिएटमधला (नोड तयार होताना चालणारा) कोड अनोळखी माणसाची कॉम्प उघडली की तुमच्या मशीनवर आपोआप चालतो. रूटचा ऑनस्क्रिप्टलोड तर कॉम्प उघडताक्षणी चालतो. त्याला फाईली पुसण्याचेही अधिकार आहेत, तुम्हाला जेवढे आहेत तेवढे. बाहेरून आलेली कॉम्प आधी टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून 'ऑनक्रिएट', 'ऑनस्क्रिप्टलोड', 'नॉबचेंज्ड', 'पायथन' हे शब्द शोधा, मगच न्यूकमध्ये उघडा. नुसता नोडग्राफमध्ये चिकटवलेला नोडसुद्धा ऑनक्रिएट चालवतो. न्यूकपीडियावरून (लोकांनी बनवलेली न्यूकची टूल्स मिळणाऱ्या साइटवरून) घेतलेला गिझ्मोही आधी वाचायचा. तो टेक्स्टच आहे, पाच मिनिटं लागतात.

पाइपलाइनवाला

चौथा प्रश्न राहिला. न्यूक १२ पर्यंत पायथन २.७ होता. १३ मध्ये ३.७ आला, १४ मध्ये ३.९, १५ मध्ये ३.१०, १६ मध्ये ३.११. नेटवरच्या पुष्कळ स्क्रिप्ट २.७ च्या काळातल्या आहेत. त्यांत चार ठिकाणी बघा.

कंसाशिवाय लिहिलेला प्रिंट: हाच तुमचा सिंटॅक्स एरर. डिक्शनरीवरचे हॅज_की आणि इटरआयटम्स: ते आता नाहीत, 'इन' आणि 'आयटम्स' वापरा. भागाकार: २.७ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तर पूर्णांक यायचं, आता दशांश येतो. फ्रेमचा मध्य काढणारा कोड मग रेंजला १०२४.५ देतो आणि टाइप एरर येतो, तिथे दुहेरी स्लॅशचा भागाकार लावा. चौथं, रीलोड आता आपोआप मिळत नाही, इम्पोर्टलिबमधून घ्यावा लागतो.

१३.२ आणि १५.१ मध्ये एकच कोड ठेवायचा असेल तर ३.७ ला कळेल असंच लिहा. मॅच-केस ३.१० मध्ये आलं, ते १३.२ वर सिंटॅक्स एरर देईल.

पॅनेल असतील तर पुढचंही आत्ताच बघून ठेवा. पॅनेल बनवायची पायथन लायब्ररी न्यूक ११ ते १५ मध्ये पायसाइड२, १६ पासून पायसाइड६. न्यूक.न्यूक_व्हर्जन_मेजर १६ किंवा जास्त असेल तर एक इम्पोर्ट, नाहीतर दुसरा, हे एकाच छोट्या मोड्यूलमध्ये लिहा आणि सगळ्या पॅनेलनी तिथून घ्यावं. क्यूअ‍ॅक्शन क्यूटीविजेट्समधून क्यूटीजीयूआयमध्ये गेला आहे, तिथे बहुतेकांचं पहिलं पॅनेल फुटतं.

शिकाऊकॉम्प

मी नॉन-कमर्शियल न्यूकवर शिकतोय. हे सगळं तिथे चालेल का? आणि फ्यूजन या दुसऱ्या कॉम्पोझिटिंग सॉफ्टवेअरमध्ये असंच काही असतं का?

नोडगुंता

इनिट, मेनू, डॉट-न्यूक सगळं तसंच चालतं. पण नॉन-कमर्शियलमध्ये पायथनला एका वेळी १० नोडपर्यंतच हात लावता येतो, आणि टर्मिनलमधून रेंडर नाही. 'सगळ्या रीडवर फिरणारी' स्क्रिप्ट अर्धवट काम करते असं दिसलं तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका.

फ्यूजनमध्ये स्क्रिप्ट फोल्डरखाली कॉम्प, टूल, युटिलिटी अशी उपफोल्डरं असतात. फाईल कॉम्पमध्ये टाकली की स्क्रिप्ट मेनूत येते, टूलमध्ये टाकली की नोडवरच्या राइट-क्लिकमध्ये. लुआ आणि पायथन दोन्ही चालतात. न्यूकसारखी मेनू.पीवाय लिहावी लागत नाही, फोल्डर हाच मेनू.

हिरवापडदा

सहाही मशीन आणि फार्म आता एकाच फोल्डरवरून चालतात, काळे भागही जुळले. एक शेवटचं. सर्व्हरवरची स्क्रिप्ट दुरुस्त केली की दर वेळी सगळ्यांनी न्यूक बंद करून उघडायचा का? इम्पोर्टलिबचा रीलोड करून पाहिला, पण सेव्हवर चालणारा कॉलबॅक त्यानंतर दोनदा चालायला लागला.

पाइपलाइनवाला

रीलोड मोड्यूल पुन्हा वाचतो, पण आधी नोंदवलेला कॉलबॅक न्यूककडे तसाच राहतो. नव्या फंक्शनची नोंद वर आणखी एक होते. म्हणून अ‍ॅडऑनस्क्रिप्टसेव्हची ओळ मोड्यूलमध्ये नको, इनिटमध्ये ठेवा. आणि न्यूकला थेट खरं फंक्शन देऊ नका. इनिटमध्येच दोन ओळींचं फंक्शन लिहा, जे आत इम्पोर्ट करून मोड्यूलमधलं फंक्शन बोलवतं. मग रीलोडनंतर नवाच कोड चालतो आणि नोंद एकच राहते. मेनूतल्या आज्ञा अवतरणात असतील तर त्यांनाही रीलोडचा फायदा मिळतो. अ‍ॅडकमांडला थेट फंक्शन दिलं असेल तर मेनू जुनंच धरून बसतो.

पण रीलोड हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचं हत्यार आहे. आर्टिस्टांना न्यूक बंद करून उघडायला सांगा. आणि चालू फोल्डरात थेट दुरुस्ती करणं थांबवा. तुम्ही अर्धी फाईल सेव्ह केली त्या क्षणी फार्मवर चार जॉब सुरू झाले, तर काही फ्रेम जुन्या कोडने आणि काही नव्याने होतील. न्यूक_टूल्स गिटमध्ये ठेवा, प्रत्येक प्रकाशन वेगळ्या फोल्डरात काढा, ०१२, ०१३ असं, आणि लाँचरमधला न्यूक_पाथ नव्या आकड्याकडे वळवा. आर्टिस्टांना त्या फोल्डरात लिहायची परवानगी नको. पायथनला तिथे पायकॅश बनवता येणार नाही, त्याने काही बिघडत नाही. काही अडलं तर लाँचरमध्ये आकडा मागे घेतला की सगळे जुन्या प्रकाशनावर, आणि चालू असलेल्या जॉबना धक्का लागत नाही, कारण ते आपल्याच आकड्याच्या फोल्डरातून वाचत असतात.

रेंडररांग

यात एक भर. जॉब फार्मवर टाकताना तो आकडा जॉबच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये लिहून पाठवा. तीन दिवसांनी तोच शॉट पुन्हा रेंडर करायचा झाला तर कोणत्या टूल्सने झाला होता हे जॉबमध्येच सापडतं.